पतगुणांक सुधारणा

पतगुणांक सुधारणा म्हणजे व्यक्तीच्या कर्जफेडीच्या नोंदींतील चुका व उणिवा दूर करून तिचा पतगुणांक वाढवण्याची प्रक्रिया होय. पतगुणांक ही ३०० ते ९०० या दरम्यानची तीन अंकी संख्या असते. भारतात ती पतमाहिती कंपन्या काढतात. गुणांक जितका जास्त, तितकी कर्ज बुडण्याची शक्यता कमी, असा तिचा अर्थ घेतला जातो. बोलीभाषेत या गुणांकाला सरसकट 'सिबिल' म्हणतात. वास्तविक सिबिल हे अशा एका कंपनीचे नाव आहे. तरीही 'सिबिल खराब होणे' हा वाक्प्रचार आता शहरातील गृहकर्जदारापासून गोंदिया जिल्ह्यातील धान उत्पादकापर्यंत सर्वांच्या तोंडी आहे.

पार्श्वभूमी

'पत' हा शब्द मराठीत बँकांहून जुना आहे. गावातील व्यक्तीची पत सावकाराच्या खातेवहीत, व्यापाऱ्याच्या आठवणीत आणि शेजाऱ्यांच्या बोलण्यात असे. ती वही कर्जदाराला पाहायला मिळत नसे. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सुरू झालेल्या दख्खनच्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांकडील कर्जरोखे ताब्यात घेऊन जाळले. आपल्यावरील नोंद आपल्याला तपासता येत नाही, ही त्यामागची एक मोठी तक्रार होती. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आणि १९०४ चा सहकारी पतसंस्था कायदा आला. गावोगावच्या सेवा सहकारी संस्थांत सभासदाची कर्जमर्यादा ठरवणारे 'कमाल मर्यादा पत्रक', म्हणजे क. म. पत्रक, रूढ झाले. जमीन, पीक आणि मागील परतफेड पाहून भरले जाणारे हे पत्रक पतगुणांकाचे ग्रामीण पूर्वरूप मानता येईल. फरक इतकाच, की ते भरणारा सचिव कर्जदाराला ओळखत असे आणि यंदा पाऊस कसा झाला हेही त्याला ठाऊक असे.

सध्याची व्यवस्था सिद्दिकी समितीच्या १९९९ मधील शिफारशींतून उभी राहिली. २००० मध्ये मुंबईत क्रेडिट इन्फॉर्मेशन ब्युरो (इंडिया) लिमिटेड, म्हणजेच सिबिल, ही कंपनी स्थापन झाली आणि २००४ पासून ती व्यक्तिगत कर्जदारांची माहिती बँकांना पुरवू लागली. पतमाहिती कंपन्या (विनियमन) अधिनियम, २००५ हा डिसेंबर २००६ मध्ये अमलात आला. पुढे इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि हाय मार्क (आताची क्रिफ हाय मार्क) या कंपन्यांनाही परवाने मिळाले. सिबिलचे नाव आता ट्रान्सयुनियन सिबिल असे आहे. प्रत्येक बँकेने व वित्त कंपनीने या चारही कंपन्यांचे सभासद व्हावे, असे रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्ये बंधनकारक केले. त्यामुळे एका शाखेतील थकबाकी दुसऱ्या गावातील दुसऱ्या बँकेपासून लपून राहणे जवळपास अशक्य झाले.

गुणांक कशावरून ठरतो

गुणांकाचे नेमके सूत्र कंपन्या जाहीर करत नाहीत. एकाच व्यक्तीचा गुणांक चार कंपन्यांकडे थोडाफार वेगळा असतो. मुख्य घटक मात्र सर्वत्र सारखे आहेत: परतफेडीचा इतिहास, सध्याच्या कर्जाचा बोजा, क्रेडिट कार्डाच्या मर्यादेचा वापर, खात्यांचे वय व प्रकार, आणि नव्या कर्जासाठी अलीकडे झालेल्या चौकशा. यांत परतफेडीच्या इतिहासाचे वजन सर्वांत जास्त असते.

गुणांकात काय मोजले जात नाही, याबद्दल अनेक गैरसमज आहेत. पगार किंवा उत्पन्न, बचत खात्यातील शिल्लक, मुदत ठेवी, घरातील सोने, सातबाऱ्यावरील जमीन आणि यूपीआयने केलेले व्यवहार यांचा गुणांकाशी संबंध नसतो. बँक कर्ज देताना या गोष्टी पाहते, पण तो वेगळा विचार असतो. म्हणूनच दहा एकर बागायती जमिनीच्या मालकाचा गुणांक भूमिहीन मजुराच्या गुणांकापेक्षा कमी असू शकतो. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुणांक घटतो, हाही समज चुकीचा आहे. कर्जाच्या अर्जावरून बँकेने केलेली चौकशीच तेवढी मोजली जाते.

अहवालातील नोंदी

सुधारणेची सुरुवात संख्येपासून न होता अहवालापासून होते, कारण संख्या हे त्या अहवालाचे केवळ सार असते. अहवालात प्रत्येक कर्जखात्यापुढे गेल्या ३६ महिन्यांचे चौकोन असतात. हप्ता मुदतीनंतर किती दिवस थकला, तो आकडा त्या त्या महिन्याच्या चौकोनात येतो. शून्य म्हणजे वेळेवर भरणा. सर्वसाधारण कर्जाचा आकडा ९० च्या पुढे गेला की खाते अनुत्पादक ठरते.

खात्याच्या स्थितीचे शेरे याहून महत्त्वाचे आहेत. 'क्लोज्ड' म्हणजे कर्ज पूर्ण फिटून खाते बंद झाले. 'सेटल्ड' म्हणजे बँकेने तडजोडीत काही रक्कम सोडून खाते मिटवले. 'रिटन ऑफ' म्हणजे बँकेने ते कर्ज आपल्या हिशोबातून निर्लेखित केले. निर्लेखनाने कर्जदाराची देणे फेडण्याची जबाबदारी संपत नाही, पण हा फरक बहुसंख्य कर्जदारांना ठाऊक नसतो. एकरकमी परतफेड योजनेत 'अर्ध्यात सुटलो' म्हणून समाधान मानणाऱ्या कर्जदाराला पुढील कर्जाच्या वेळी 'सेटल्ड' हा शेरा आडवा येतो. पतमाहिती कंपन्यांनी माहिती किमान ७ वर्षे जतन करावी असा नियम आहे. त्यामुळे एका तडजोडीची सावली बराच काळ राहते.

धानपट्ट्यातील कर्जदार

पतगुणांकाची रचना मासिक पगार आणि मासिक हप्ता गृहीत धरून झाली आहे. पूर्व विदर्भातील उत्पन्नाचे चक्र तसे नाही. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन निर्माण झालेला गोंदिया जिल्हा मुख्यतः धानाचा आहे. देवरी तालुक्यातील चिचगडसारख्या जंगलपट्ट्यातील गावांत खरिपाचा धान निघाल्यावर आधारभूत खरेदी केंद्रावर त्याची विक्री होते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचली जातात आणि मे महिन्यात तेंदूपाने तोडली जातात. रोख पैसा या तीन वेळी हाती येतो. इतर महिन्यांत रोजगार हमीची किंवा शेतातील मजुरी एवढाच आधार असतो. धानाचे चुकारे लांबले की पुढची सगळी साखळी लांबते.

पीककर्जाच्या नियमांत या चक्राची काही दखल आहे. धानासारख्या अल्पमुदतीच्या पिकाचे कर्ज ९० दिवसांच्या कसोटीने अनुत्पादक ठरत नाही. त्यासाठी दोन हंगाम थकबाकी राहावी लागते. पण अनुत्पादक ठरणे आणि थकीत दिसणे या वेगळ्या गोष्टी आहेत. परतफेडीची तारीख उलटली की थकबाकीचे दिवस मोजले जाऊ लागतात. खरीप कर्जासाठी ही तारीख सामान्यतः ३१ मार्च असते. किसान क्रेडिट कार्डाच्या ३ लाख रुपयांपर्यंतच्या पीककर्जावर ७ टक्के व्याज आहे आणि वेळेवर परतफेड केल्यास केंद्र सरकारची ३ टक्के सूट मिळते. महाराष्ट्रात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे उरलेले व्याजही माफ होते. म्हणजे १ लाख रुपये वर्षभर वापरणाऱ्या शेतकऱ्याला मुदत पाळल्यास व्याज पडत नाही. मुदत चुकल्यास सुमारे ७ हजार रुपये पडतात, शिवाय अहवालात थकबाकीचे दिवस दिसतात.

यातून मार्चअखेर 'नवेजुने' करण्याची प्रथा रुळली आहे. शेतकरी नातेवाइकांकडून किंवा सावकाराकडून काही दिवसांसाठी रक्कम उसनी घेतो, जुने कर्ज भरतो आणि नवे कर्ज उचलून उसनवारी फेडतो. कागदावर खाते नियमित राहते, व्याजाची सवलत टिकते आणि गुणांकही राखला जातो. कर्ज मात्र तेवढेच राहते आणि उसनवारीचे व्याज वेगळे द्यावे लागते. पतगुणांक परतफेडीची शिस्त मोजतो, ऐपत मोजत नाही, हे या प्रथेइतके स्पष्ट दुसऱ्या कशातून दिसत नाही.

पीक बुडाल्यास वेगळी तरतूद आहे. नैसर्गिक आपत्तीत ३३ टक्के किंवा अधिक नुकसान झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार बँकेला पीककर्जाचे मुदतकर्जात पुनर्गठन करता येते. अशा पुनर्गठनाची अहवालात आपत्तीमुळे झालेले पुनर्गठन म्हणून नोंद करण्याची सोय आहे. ही नोंद थकबाकीपेक्षा निश्चितच कमी हानिकारक असते. मात्र पुनर्गठनासाठी शाखेकडे वेळेत लेखी अर्ज देणे शहाणपणाचे असते.

कर्जमाफीचा गुणांकाशी असलेला संबंध अधिक गुंतागुंतीचा आहे. महाराष्ट्रात २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत दीड लाख रुपयांपर्यंत, तर २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत २ लाख रुपयांपर्यंत कर्जमाफी जाहीर झाली. शासनाकडून रक्कम आल्यावर बँकेने खात्यावर कोणता शेरा पाठवला, यावर कर्जदाराची पुढील पत ठरते. 'क्लोज्ड' आणि 'सेटल्ड' या दोन शब्दांमधील अंतर येथे पुन्हा महत्त्वाचे ठरते. माफीपूर्वीच्या थकबाकीचे महिने माफीनंतरही पुसले जात नाहीत. दोन्ही योजनांत नियमित परतफेड करणाऱ्यांसाठी प्रोत्साहनपर रक्कम ठेवली होती. ती अनुक्रमे २५ हजार व ५० हजार रुपयांपर्यंत होती.

महिलांच्या बाबतीत गटकर्जाचा प्रश्न येतो. बचत गटाला मिळालेले बँककर्ज गटाच्या नावावर असते. तरी सभासदनिहाय माहिती पतमाहिती कंपन्यांना देण्याची पद्धत २०१६ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. सूक्ष्म वित्त कंपन्यांच्या संयुक्त दायित्व गटांत प्रत्येक महिलेचे कर्जखाते स्वतंत्र असते. एखादीचा हप्ता इतरजणींनी वर्गणी काढून भरला, तर तो तिच्या खात्यावर त्याच तारखेला जमा झाला की नाही, हे हप्त्याच्या कार्डावर पाहणे आवश्यक असते. २०२२ च्या निर्देशांनुसार वार्षिक ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला सूक्ष्म वित्त कर्ज मिळते, आणि कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मासिक हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक असू नयेत अशी मर्यादा आहे.

सावकार आणि बहुतेक बिगरबँकिंग सहकारी पतसंस्था यांच्याकडील परतफेड सहसा पतमाहिती कंपन्यांपर्यंत पोहोचत नाही. पतसंस्थेचे कर्ज वीस वर्षे चोख फेडणाऱ्या दुकानदाराची बँकेच्या लेखी कोणतीही ओळख नसते, ही या व्यवस्थेची मोठी त्रुटी आहे.

चुकीच्या नोंदींची दुरुस्ती

गुणांक सुधारण्याचा सर्वांत जलद मार्ग चुकीची नोंद दुरुस्त करून घेणे हा आहे. १ जानेवारी २०१७ पासून प्रत्येक व्यक्तीला चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे. चार अहवाल एकदम न मागवता दर तीन महिन्यांनी एक मागवल्यास वर्षभर विनाखर्च लक्ष ठेवता येते.

आढळणाऱ्या चुकांचे काही ठरावीक प्रकार आहेत. फिटलेले कर्ज चालू दिसते. एकच कर्ज दोनदा दिसते. कधी दुसऱ्याचेच कर्ज आपल्या नावावर असते. शेवटचा प्रकार ग्रामीण भागात संभवनीय असतो. एका गावात एकाच नावाची व आडनावाची अनेक माणसे असतात, पत्त्यात घर क्रमांक नसतो, आणि आधार, पॅन व सातबारा यांवरील नावांची वर्णलेखने जुळत नाहीत. म्हणून अहवालातील पॅन क्रमांक व जन्मतारीख प्रथम तपासावी लागते. न घेतलेले कर्ज दिसल्यास कागदपत्रांचा गैरवापर झाल्याचीही शक्यता असते. अशा वेळी बँकेबरोबरच पोलिसांकडे तक्रार करणे आवश्यक ठरते.

दुरुस्तीची तक्रार पतमाहिती कंपनीकडे किंवा कर्ज देणाऱ्या बँकेकडे विनामूल्य करता येते. कंपनी स्वतः नोंद बदलू शकत नाही, ती बँकेकडून खातरजमा करून घेते. त्यामुळे कर्जफेडीची पावती, खातेउतारा आणि बेबाकी दाखला जोडल्यास काम लवकर होते. जमिनीवर बोजा असलेल्या कर्जात सातबाऱ्यावरील बोजा उतरला म्हणजे अहवालही दुरुस्त झाला असे समजू नये. या दोन्ही नोंदी वेगवेगळ्या दप्तरांत असतात आणि एकीतील बदल दुसरीला आपोआप कळत नाही.

रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर केलेल्या व एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या नियमानुसार तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढील प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई द्यावी लागते. यांपैकी पहिले २१ दिवस बँकेला दुरुस्त माहिती पाठवण्यासाठी असतात. विलंब कोणाकडून झाला त्यानुसार बँक किंवा कंपनी ही रक्कम देते. तक्रार ४५ व्या दिवशी निकाली निघाल्यास १,५०० रुपये देय होतात. तक्रार फेटाळल्यास कारण कळवणे बंधनकारक आहे. समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेकडे जाता येते; पतमाहिती कंपन्या सप्टेंबर २०२२ पासून या योजनेच्या कक्षेत आहेत. जानेवारी २०२५ पासून बँकांनी दर पंधरवड्याला माहिती पाठवणे अपेक्षित असल्याने दुरुस्तीचा परिणाम पूर्वीपेक्षा लवकर दिसतो.

खऱ्या थकबाकीनंतरची सुधारणा

नोंद खरी असेल तर ती काढून टाकता येत नाही. अशा वेळी थकीत रक्कम भरणे आणि त्यानंतरचे हप्ते न चुकवणे एवढाच उपाय उरतो. अनेक खाती थकली असतील, तर नुकतेच थकलेले खाते आधी नियमित करावे, कारण ते अनुत्पादक होण्यापासून वाचवता येते. 'सेटल्ड' खात्यात सोडलेली रक्कम नंतर भरून खाते 'क्लोज्ड' करून घेण्याची विनंती बँकेला करता येते. बँकेने ती मान्य केल्यास तसे लेखी पत्र घेऊनच पैसे भरावेत.

क्रेडिट कार्डाच्या बाबतीत मर्यादेच्या साधारण ३० टक्क्यांपर्यंत वापर ठेवण्याचा सल्ला दिला जातो. ५० हजार रुपयांची मर्यादा असलेल्या कार्डावर ४५ हजार रुपयांची उधारी सतत राहत असेल, तर ती वेळेवर भरूनही गुणांक दबलेला राहू शकतो. ती १५ हजारांवर आणल्यास फरक काही महिन्यांत दिसू लागतो. केवळ 'किमान देय रक्कम' भरल्याने थकबाकी टळते, पण उरलेल्या रकमेवर चढे व्याज लागत राहते. थोड्या दिवसांत अनेक बँकांकडे अर्ज करणेही टाळावे. नकारानंतर दुसऱ्या, तिसऱ्या बँकेकडे धाव घेणाऱ्याचा गुणांक प्रत्येक चौकशीगणिक आणखी घसरण्याचा धोका असतो.

जामीनदारकी हा दुर्लक्षित विषय आहे. नात्याखातर किंवा नोकरीतील सहकाऱ्यासाठी दिलेला जामीन जामीनदाराच्याही अहवालात येतो. मूळ कर्जदाराचा हप्ता थकला की जामीनदाराची पत घसरते, आणि हे त्याला अनेकदा स्वतःच्या कर्जाच्या वेळीच समजते. मोबाइल, दुचाकी किंवा शिलाई यंत्र हप्त्यांवर घेतले असल्यास तेही कर्जच असते. हप्त्याच्या तारखेला खात्यात शिल्लक नसल्यामुळे परत गेलेला छोटा हप्ता मोठ्या कर्जाच्या हप्त्यासारखाच थकीत नोंदवला जातो.

कर्जाचा इतिहास नसलेल्या व्यक्तीला गुणांकच नसतो. अहवालात त्या जागी उणे १ किंवा इतिहास नसल्याचा संकेत येतो. तो दोष मानला जात नाही. केवळ इतिहास नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये आणि रिझर्व्ह बँकेने किमान गुणांक ठरवलेला नाही, असे केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेत स्पष्ट केले. इतिहास उभा करण्यासाठी मुदत ठेवीच्या तारणावरील क्रेडिट कार्ड किंवा बँकेकडील लहान सोनेतारण कर्ज उपयोगी पडते. सावकाराकडे गहाण ठेवलेल्या दागिन्याचा असा उपयोग होत नाही.

वाद

पीककर्जासाठी गुणांकाची अट लावावी का, हा महाराष्ट्रात राजकीय वादाचा विषय आहे. मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी बँकांनी शेतकऱ्यांकडे सिबिलचा आग्रह धरू नये आणि तसे केल्यास कारवाई होईल, अशी तंबी दिली. बँकांची बाजू अशी, की ठेवीदारांचा पैसा देताना मागील परतफेड न पाहणे त्यांना शक्य नाही. राज्य सरकारच्या सूचना आणि रिझर्व्ह बँकेचे नियमन यांतील हा ताण खरीप कर्जवाटपाच्या वेळी पुन्हा पुन्हा दिसून येतो.

विद्यार्थ्यांवरील परिणामही न्यायालयांपुढे आले आहेत. केवळ कमी गुणांकामुळे शैक्षणिक कर्ज नाकारता येणार नाही, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटले. याउलट जून २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने प्रतिकूल पतनोंदींमुळे एका उमेदवाराची बँकेतील नियुक्ती रद्द करण्याचा निर्णय योग्य ठरवला. बँकभरतीच्या जाहिरातींतही उमेदवाराचा पतइतिहास निकोप असावा अशी अट आता आढळते. शैक्षणिक कर्जात पालक सहकर्जदार असल्याने हप्ता थकल्यास दोघांच्याही अहवालात नोंद होते.

गुणांक वाढवून देण्याच्या जाहिराती करणारे मध्यस्थ शहरांत आणि समाजमाध्यमांवर आढळतात. खरी प्रतिकूल नोंद हटवण्याचा अधिकार त्यांच्याकडे नसतो. चुकीच्या नोंदीसाठी ते जो अर्ज करतात, तोच कर्जदाराला स्वतः विनामूल्य करता येतो. अशा व्यक्तींना आधार व पॅनच्या प्रती किंवा मोबाइलवर आलेला सांकेतिक क्रमांक दिल्यास त्या कर्जदाराच्या नावाने नवे कर्ज उचलले जाण्याचा धोका असतो. बँक किंवा वित्त कंपनी अहवाल पाहते तेव्हा संबंधित व्यक्तीला मोबाइल संदेशाने किंवा ई-मेलने सूचना देणे पतमाहिती कंपन्यांना बंधनकारक आहे. बँकेत जुना, बंद पडलेला मोबाइल क्रमांक नोंदवलेला असल्यास ही सूचना पोहोचत नाही.